बेसुमार वाढणाऱ्या लॉग फाइल्सपासून सर्व्हरची डिस्क कशी वाचवावी

डेटाबेसशी जोडणी तुटलेली एखादी सेवा सेकंदाला हजार वेळा पुन्हा जोडणी करू पाहते आणि प्रत्येक अपयशाबरोबर ५ किलोबाइटचा स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठे झाली याचा माग) लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदींच्या फाइलमध्ये, लिहिते, असे समजू. हा वेग सेकंदाला ५ मेगाबाइट होतो. पाच मिनिटांत दीड गिगाबाइट आणि तासाभरात १८ गिगाबाइट लिहून होतात. डिस्क ४० गिगाबाइटची असेल आणि इशारा ८० टक्क्यांवर लावलेला असेल, तर इशारा मिळाल्यापासून डिस्क पूर्ण भरेपर्यंत जेमतेम २७ मिनिटे हातात राहतात. रात्री अडीच वाजता संदेश वाचून, लॅपटॉप उघडून, नेमकी फाइल शोधून उपाय करायला तेवढा वेळ पुरेलच असे नाही.

म्हणून केवळ मॉनिटरिंगवर विसंबून राहू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मॉनिटरिंगचे काम खबर देण्याचे आहे. डिस्क वाचवण्याचे काम सर्व्हरवरच, माणसाची वाट न पाहता व्हायला हवे आणि त्यासाठी प्रत्येक लॉगला तारखेची नव्हे, आकाराची मर्यादा हवी. पुढील मार्गदर्शन लिनक्स सर्व्हर डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. डिस्क आत्ताच भरत आली असेल तर काय करावे, याने सुरुवात करू, कारण अनेक वाचक हा विषय त्याच क्षणी शोधतात.

डिस्क भरली आहे, आता काय?

सर्वप्रथम 'डीएफ -एच' ही कमांड देऊन कोणती फाइल सिस्टिम भरली आहे ते पाहावे आणि लगेच 'डीएफ -आय' देऊन आयनोडही (प्रत्येक फाइलमागे एक लागणाऱ्या, मर्यादित संख्येच्या नोंदी) तपासावेत. लाखो छोट्या फाइल्स साचल्या असतील तर गिगाबाइट शिल्लक असूनही आयनोड संपतात आणि 'जागा शिल्लक नाही' हीच चूक दिसते. नेमकी मोठी डिरेक्टरी शोधण्यासाठी 'डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /व्हार' चालवून त्याचे उत्तर 'सॉर्ट -एच'कडे पाठवावे. यातला 'एक्स' गाळू नये. त्याच्यामुळे मोजणी त्याच फाइल सिस्टिमपुरती राहते आणि इतर ठिकाणी जोडलेल्या डिस्कचे आकडे मध्ये घुसत नाहीत.

मोठी लॉग फाइल सापडली की ती पुसून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. लिनक्समध्ये फाइलचे नाव पुसले तरी कोणत्याही प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ती उघडून ठेवलेली असेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही. परिणाम असा होतो की 'डीयू' फाइल गेल्याचे सांगते, 'डीएफ' मात्र डिस्क भरलेलीच दाखवते, आणि आता त्या फाइलला नावच उरलेले नसल्याने ती सहज सापडतही नाही. त्याऐवजी 'ट्रंकेट -एस ०' आणि पुढे फाइलचा मार्ग, अशी कमांड देऊन फाइल जागच्या जागी रिकामी करावी. बिघाडाचे मूळ कारण शोधायला त्या लॉगचा थोडा भाग लागणारच असतो, म्हणून रिकामी करण्याआधी शेवटच्या दोनेक हजार ओळी 'टेल'ने काढून दुसऱ्या फाइल सिस्टिमवर ठेवाव्यात.

कोणी आधीच फाइल पुसून बसला असेल तर 'एलएसओएफ +एल१' (यातला 'एल' कॅपिटल) चालवावे. नाव पुसले गेलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइल्सची यादी ही कमांड देते आणि त्यात प्रोसेसचा क्रमांक व फाइल डिस्क्रिप्टरचा (प्रोसेसने उघडलेल्या फाइलच्या खुणेचा) क्रमांक दोन्ही असतात. सेवा पुन्हा सुरू करणे शक्य असेल तर तो सर्वांत स्वच्छ उपाय आहे. ते शक्य नसेल तर '/प्रॉक' डिरेक्टरीतील त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली 'एफडी' या उपडिरेक्टरीत तो डिस्क्रिप्टर सापडतो आणि त्यालाच 'ट्रंकेट' लावता येते.

रिकामी केलेली फाइल काही सेकंदांत पुन्हा पूर्वीइतकीच मोठी दिसू लागली तर घाबरू नये. ज्या प्रोग्रॅमने फाइल शेवटी जोडत जाण्याच्या, म्हणजे अपेंडच्या, पद्धतीने उघडलेली नसते, तो आपल्या जुन्या जागेवरूनच पुढे लिहू लागतो आणि सुरुवातीचा भाग पोकळ राहतो. 'एलएस' अशा फाइलचा आकार मोठा दाखवते, पण 'डीयू' तिने प्रत्यक्षात व्यापलेली थोडी जागाच दाखवते. डिस्क खरोखर मोकळी झालेली असते.

अशा वेळी उपयोगी पडणारी एक तरतूद आधीच करून ठेवता येते. 'फॅलोकेट -एल १जी' देऊन त्याच फाइल सिस्टिमवर एक गिगाबाइटची रिकामी, निरुपयोगी फाइल तयार करावी आणि तिच्या नावातच तिचा हेतू लिहावा. डिस्क पूर्ण भरून साध्या कमांडही अडखळू लागल्या की ही फाइल पुसली म्हणजे श्वास घ्यायला जागा मिळते. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी (सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी) राखून ठेवते हे खरे, पण बेफाम लिहिणारी सेवाच रूटच्या हक्काने चालत असेल तर ती राखीव जागाही तीच खाते.

कोण कुठे लिहिते याची यादी

प्रतिबंधाची सुरुवात यादीपासून होते आणि ही यादी स्मरणाने करू नये. 'फाइंड' कमांडने /व्हारखालील १०० मेगाबाइटपेक्षा मोठ्या फाइल्स काढाव्यात, आणि गेल्या २४ तासांत बदललेल्या '.लॉग' फाइल्स संपूर्ण डिस्कवरून शोधाव्यात. केवळ /व्हार/लॉग पाहून थांबल्यास /ऑप्टखालचे अ‍ॅप्लिकेशन, एखाद्या वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेने) लिहिलेले आउटपुट आणि /टीएमपीमधील विसरलेली डीबग फाइल ही तिन्ही ठिकाणे हमखास सुटतात. प्रत्येक फाइलसमोर तीन गोष्टी लिहाव्यात: तिच्यात कोण लिहिते, तिचे रोटेशन (चालू फाइल बाजूला करून नवी सुरू करणे) कोण करते आणि जुन्या फाइल्स कोण पुसते.

तिसरा प्रश्न दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे, हे विशेष लक्षात घ्यावे. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे उदाहरण बोलके आहे. त्याचा लॉग गोळा करणारा भाग सुरू केल्यास तो ठरलेल्या आकाराला किंवा वेळेला नवी फाइल उघडतो, परंतु जुन्या फाइल्स आपणहून पुसत नाही. फाइलच्या नावात केवळ वाराचे नाव ठेवून आणि रोटेशनच्या वेळी जुना मजकूर पुसण्याचा पर्याय चालू करून आठवड्याचे चक्र बसवता येते. तसे केले नसेल तर रोटेशन नीट चालू असूनही डिस्क भरतच राहते. आणि ही डिस्क डेटाबेसचीच असेल तर प्रकरण गंभीर होते, कारण वॅल फाइल्स (बदलांची आगाऊ नोंद ठेवणाऱ्या) लिहायला जागा मिळाली नाही की पोस्टग्रेएसक्यूएल पॅनिक होऊन बंद पडतो.

मॉनिटरिंगमुळे तयार होणारे लॉग

देखरेखीखालील सर्व्हरवर लॉगचा एक मोठा स्रोत देखरेख हाच असतो आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सर्व्हरची मापे मॉनिटरिंगला पुरवणाऱ्या नेट-एसएनएमपीच्या एसएनएमपीडी सेवेत जोडण्यांची नोंद चालू असेल तर प्रत्येक प्रश्नामागे 'कनेक्शन फ्रॉम यूडीपी' अशी ओळ सिसलॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सर्वसाधारण लॉगमध्ये, पडते. ग्राफ काढणारे साधन दर मिनिटाला शेकडो मूल्ये विचारत असेल तर सिसलॉगचा बराचसा भाग याच ओळींनी व्यापलेला दिसतो. एसएनएमपीडीच्या सेटिंग फाइलमध्ये 'डोन्टलॉगटीसीपीरॅपर्सकनेक्ट्स' हा निर्देश 'यस' करावा, किंवा सेवा सुरू करतानाच्या पर्यायांत लॉगची पातळी ० ते ५ पुरती ठेवावी, म्हणजे केवळ माहितीवजा असलेल्या पातळी ६च्या ओळी येणे थांबते.

दुसरा स्रोत सुडो, म्हणजे रूटच्या हक्काने कमांड चालवण्याची सोय. मॉनिटरिंगच्या एजंटने (सर्व्हरवर चालणाऱ्या तिच्या प्रोग्रॅमने) सुडोमार्फत चालवलेली प्रत्येक तपासणी साधारणपणे तीन ओळी मागे ठेवते: चालवलेली कमांड, सत्र सुरू झाल्याची नोंद आणि सत्र संपल्याची नोंद. दर मिनिटाला अशा २० तपासण्या होत असतील तर दिवसाला ८६,४०० ओळी जमतात. येथे सुडोची नोंदच बंद करण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो मान्य नाही, कारण सुरक्षेच्या तपासात नेमक्या याच नोंदी लागतात. एजंटच्या खात्याला आवश्यक त्या गटाचे सदस्यत्व देऊन सुडोची गरजच कमी करावी. तपासण्यांमधील अंतर एकावरून पाच मिनिटांवर नेले तरी ओळी एक पंचमांश होतात.

तिसरा स्रोत वेब सर्व्हरची प्रकृती तपासणी. तीन लोड बॅलन्सर (मागण्या सर्व्हरमध्ये वाटणारी साधने) सर्व्हर चालू आहे का हे पाहण्यासाठी दर पाच सेकंदांनी एक पान मागत असतील तर दिवसाला ५१,८४० ओळी होतात आणि त्यांतील एकही कोणी वाचत नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये त्या पानासाठी वेगळा 'लोकेशन' विभाग करून त्यात 'अ‍ॅक्सेस_लॉग ऑफ' लिहिले की हा प्रश्न मिटतो.

शेवटी, मॉनिटरिंगच्या एजंटचा स्वतःचा लॉग. झॅबिक्स या मॉनिटरिंग साधनाच्या एजंटमध्ये 'लॉगफाइलसाइज' हे मूल्य मेगाबाइटमध्ये असते आणि ते ० ठेवल्यास एजंटचे स्वतःचे रोटेशन बंद होते. शून्य दिसले तर लॉगरोटेट या रोटेशन करणाऱ्या प्रोग्रॅमकडे त्या फाइलची व्यवस्था आहे ना, हे पाहावे. एखादी अडचण शोधण्यासाठी 'डीबगलेव्हल' ३ वरून ४ किंवा ५ वर नेला असेल तर काम संपताच तो पूर्ववत करावा.

लॉगरोटेट नीट बसवणे

लॉगरोटेट बहुतेक सर्व्हरवर आधीपासून असतो आणि त्यामुळेच तो आपले काम करत असेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तो सतत चालणारा पहारेकरी नाही. क्रॉन किंवा सिस्टिमडीचा (सर्व्हरवरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचा) टायमर त्याला मूळ व्यवस्थेत दिवसातून एकदा उठवतो, तो फाइल्स पाहतो, काम करतो आणि बंद होतो. म्हणजे आकाराची मर्यादा कितीही काटेकोर लिहिली तरी ती त्याला जाग येईल तेव्हाच तपासली जाते.

आकाराशी संबंधित तीन निर्देशांतील फरक नीट समजून घ्यावा. 'साइज' लिहिल्यास केवळ आकार पाहिला जातो आणि 'डेली' किंवा 'वीकली' यांच्याशी त्याचे जमत नाही: दोन्ही लिहिले तर शेवटी लिहिलेला निर्देश लागू होतो. 'मिनसाइज' लिहिल्यास ठरलेली वेळही व्हावी लागते आणि आकारही ओलांडावा लागतो. 'मॅक्ससाइज' लिहिल्यास वेळ झाली किंवा आकार ओलांडला, यांपैकी एक घडले तरी पुरते. डिस्क वाचवण्यासाठी 'डेली' आणि 'मॅक्ससाइज' ही जोडी हवी. 'मिनसाइज'चा अर्थ उलटा लावून तो मर्यादा म्हणून लिहिलेल्या फाइल्स जागोजागी दिसतात. त्या शोधून दुरुस्त कराव्यात.

एका अ‍ॅप्लिकेशनसाठी /ईटीसी/लॉगरोटेट.डी या डिरेक्टरीत स्वतंत्र फाइल करावी आणि तिच्यात 'डेली', 'मॅक्ससाइज २००एम', 'रोटेट ५', 'कॉम्प्रेस', 'डिलेकॉम्प्रेस', 'मिसिंगओके' आणि 'नॉटइफएम्प्टी' हे निर्देश द्यावेत. २०० नंतरचा 'एम' विसरू नये, कारण एकक नसलेला आकडा बाइट म्हणून वाचला जातो. फाइलच्या नावाचा नमुना '*.लॉग' असा शेवट ठरवणारा असावा. नुसते '*' लिहिल्यास लॉगरोटेट स्वतःच रोटेट केलेल्या फाइल्स पुन्हा रोटेट करतो आणि '.१.१.१' अशा शेपट्यांच्या फाइल्सची रांग लागते.

आता हिशेब करू. चालू फाइल एक आणि जुन्या पाच, अशा सहा फाइल्स प्रत्येकी २०० मेगाबाइटच्या धरल्या तर कमाल जागा १.२ गिगाबाइट. (कॉम्प्रेस झालेल्या फाइल्स बऱ्याच लहान होतात, पण नियोजन नेहमी कॉम्प्रेशन न धरता करावे.) हा आकडा दिलासा देणारा आहे, पण तो खरा नाही. लॉगरोटेट तासातून एकदा चालत असेल आणि सेवा सेकंदाला ५ मेगाबाइट लिहीत असेल, तर 'मॅक्ससाइज' २०० मेगाबाइट असूनही रोटेशनच्या क्षणी फाइल १८ गिगाबाइटची झालेली असते. तशा सहा फाइल्स म्हणजे १०८ गिगाबाइट. दर पाच मिनिटांनी चालवल्यास प्रत्येक फाइल दीड गिगाबाइटची आणि एकूण नऊ गिगाबाइट. म्हणजे खरी कमाल मर्यादा 'मॅक्ससाइज'वर ठरत नसून दोन फेऱ्यांमधील अंतर, लिहिण्याचा सर्वाधिक वेग आणि ठेवलेल्या फाइल्सची संख्या यांच्या गुणाकारावर ठरते. प्रत्येक महत्त्वाच्या लॉगसाठी हा गुणाकार कागदावर मांडून तो उपलब्ध जागेशी ताडून पाहावा.

सिस्टिमडी असलेल्या सर्व्हरवर 'सिस्टिमसीटीएल एडिट लॉगरोटेट.टायमर' देऊन उघडणाऱ्या फाइलमध्ये 'टायमर' विभागात आधी 'ऑनकॅलेंडर=' ही ओळ रिकामी लिहावी, त्यानंतर 'ऑनकॅलेंडर=अवरली' लिहावे आणि 'अ‍ॅक्युरसीसेक' एक मिनिट करावा. रिकामी ओळ गाळल्यास जुने वेळापत्रक कायम राहून नवे त्यात जोडले जाते. ज्या दोन-चार लॉगना पाच मिनिटांची फेरी हवी, त्यांच्यासाठी वेगळ्या ठिकाणी स्वतंत्र कॉन्फिगरेशन फाइल ठेवून ती वेगळ्या टायमरने चालवावी आणि '-एस' पर्यायाने तिला वेगळी स्टेट फाइल (शेवटचे रोटेशन केव्हा झाले याची नोंद) द्यावी. तोच लॉग दोन्हीकडे नोंदवू नये.

फेऱ्या वाढवल्या की एक सापळा समोर येतो. 'डेटएक्स्ट' हा निर्देश चालू असेल, आणि रेड हॅट कुटुंबातील वितरणांत तो चालू असतो, तर जुन्या फाइलच्या नावात तारीख जोडली जाते. त्याच दिवशी दुसऱ्यांदा रोटेशनची वेळ आली की त्या नावाची फाइल आधीच असल्याने लॉगरोटेट ते रोटेशन सोडून देतो. फाइल मात्र वाढतच राहते. त्यासाठी 'डेटफॉरमॅट'मध्ये तारखेपुढे सेकंद दर्शवणारे '%एस' (छोट्या लिपीतले) जोडावे किंवा 'नोडेटएक्स्ट' लिहून साधे अनुक्रमांक वापरावेत.

रोटेशननंतर प्रोग्रॅमला नवी फाइल उघडायला सांगणे हे तितकेच आवश्यक आहे. 'पोस्टरोटेट' विभागात आरसिसलॉगला (सिसलॉग लिहिणाऱ्या सेवेला) 'हप' आणि एनजिनएक्सला 'यूएसआर१' हा सिग्नल याचसाठी पाठवतात. तो पाठवला नाही तर प्रोग्रॅम नाव बदललेल्या जुन्या फाइलमध्येच लिहीत राहतो, कॉम्प्रेस झाल्यावर ती फाइल पुसली जाते आणि वर सांगितलेली नाव नसलेली पण जागा व्यापणारी फाइल जन्माला येते. 'डीएफ' आणि 'डीयू' यांच्या आकड्यांत रोज थोडी वाढणारी तफावत दिसली की पहिला संशय इथेच घ्यावा.

सिग्नल न समजणाऱ्या प्रोग्रॅमसाठी 'कॉपीट्रंकेट' आहे, परंतु तो नाइलाजाचा उपाय म्हणूनच वापरावा. प्रत घेणे आणि मूळ फाइल रिकामी करणे या दोन क्रियांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी हरवतात. शिवाय १८ गिगाबाइटच्या फाइलची प्रत घ्यायला आणखी १८ गिगाबाइट जागा लागते, म्हणजे ज्या प्रसंगासाठी व्यवस्था केली त्याच प्रसंगी ती निकामी ठरू शकते.

अ‍ॅप्लिकेशन स्वतःच रोज नावात तारीख घालून नवी फाइल उघडत असेल तर लॉगरोटेटचा 'रोटेट ५' जुन्या फाइल्स पुसत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक तारखेची फाइल हा वेगळा लॉग असतो. तिथे 'फाइंड'ला '-एमटाइम +१४ -डिलीट' देऊन रोज चालवणे हा साधा व पुरेसा उपाय आहे.

बदल केल्यावर 'लॉगरोटेट -डी' देऊन कोरडी चाचणी घ्यावी. ती प्रत्यक्षात काहीही बदलत नाही, पण एकच फाइल दोनदा नोंदवली गेली असेल किंवा डिरेक्टरीच्या परवानग्या सैल असल्याने रोटेशन टाळले जात असेल तर ते स्पष्ट सांगते. परवानग्यांची तक्रार 'सू' या निर्देशाने योग्य वापरकर्ता व गट देऊन मिटते.

सिस्टिमडीचा जर्नल

जर्नलडीला, म्हणजे सिस्टिमडीच्या लॉग गोळा करणाऱ्या सेवेला, स्वतःची मर्यादा असते आणि ती समंजस आहे. काहीही न ठरवल्यास कायमस्वरूपी जर्नल फाइल सिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत जागा घेतो व १५ टक्के मोकळी ठेवू पाहतो, आणि दोन्ही आकडे ४ गिगाबाइटच्या पुढे जात नाहीत. लहान डिस्कवर 'सिस्टिममॅक्सयूज' ५०० मेगाबाइट किंवा १ गिगाबाइट असा स्पष्ट लिहून सेवा पुन्हा सुरू करावी. आत्ताची जागा 'जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज'ने कळते. '--व्हॅक्यूम-साइज' केवळ संग्रहित फाइल्स काढतो, चालू फाइलला हात लावत नाही, म्हणून त्याआधी '--रोटेट' द्यावे.

जर्नलचा खरा उपयोग वेगावर बंधन घालण्यात आहे, जे लॉगरोटेट करू शकत नाही. एका सेवेकडून ३० सेकंदांत १०,००० संदेश ही त्याची मूळ मर्यादा असते, डिस्कवर मोकळी जागा भरपूर असेल तर ती काही पटींनी वाढते, आणि ओलांडल्यावर किती संदेश दाबले त्याची नोंद ठेवून तो पुढचे संदेश टाकून देतो. एखाद्या गोंगाट करणाऱ्या सेवेसाठी तिच्या युनिट फाइलमध्ये 'लॉगरेटलिमिटइंटरव्हलसेक' आणि 'लॉगरेटलिमिटबर्स्ट' वेगळे ठरवता येतात. म्हणूनच नव्या सेवेला स्वतंत्र फाइलमध्ये लिहू देण्यापेक्षा स्टँडर्ड आउटपुटवर लिहायला लावून जर्नलच्या ताब्यात देणे मला अधिक सुरक्षित वाटते.

आरसिसलॉगही सोबत चालू असेल तर तोच मजकूर दोनदा साठवला जातो, हे जागेच्या हिशेबात धरावे. आरसिसलॉग मध्यवर्ती सर्व्हरकडे लॉग पाठवत असेल आणि तो सर्व्हर बंद पडला, तर स्थानिक डिस्कवर रांग ठेवण्याची सोय लावलेली असल्यास न गेलेले संदेश तिच्यात साचू लागतात. त्या रांगेला 'क्यू.मॅक्सडिस्कस्पेस'ची मर्यादा घातली नसेल, तर एका सर्व्हरच्या बिघाडामुळे त्याच्याकडे लॉग पाठवणारे बाकीचे सगळे सर्व्हरही संकटात येतात.

कंटेनर

कंटेनर म्हणजे बंदिस्त वातावरणात प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉकरचा 'जेसन-फाइल' हा मूळ लॉग ड्रायव्हर आकाराची कोणतीही मर्यादा पाळत नाही. कंटेनरने बाहेर टाकलेली प्रत्येक ओळ /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्सखालील एका फाइलमध्ये जमत राहते. /ईटीसी/डॉकरमधील 'डीमन.जेसन' फाइलमध्ये 'लॉग-ऑप्ट्स'खाली 'मॅक्स-साइज' ५० मेगाबाइट आणि 'मॅक्स-फाइल' ३ असे ठरवावे. दोन्ही मूल्ये अवतरणचिन्हांत लिहावी लागतात, ३ सुद्धा. हा बदल नव्याने तयार होणाऱ्या कंटेनरलाच लागू होतो. जुने कंटेनर केवळ पुन्हा सुरू करून भागत नाही, ते काढून नव्याने तयार करावे लागतात, आणि नेमके हेच राहून गेल्याने सेटिंग असूनही डिस्क भरल्याचे दिसते. 'लोकल' हा ड्रायव्हर निवडल्यास २० मेगाबाइटच्या पाच फाइल्स अशी मर्यादा आपोआप येते. अनेक सर्व्हरवरील कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये क्युबलेट हा त्याचा सर्व्हरवरील एजंट प्रत्येक कंटेनरसाठी १० मेबीबाइटच्या पाच फाइल्स ठेवतो.

अ‍ॅप्लिकेशनच्या आत

पायथनच्या 'रोटेटिंगफाइलहँडलर'ला 'मॅक्सबाइट्स' दिले आणि 'बॅकअपकाउंट' द्यायचे राहिले तर तो रोटेशन करतच नाही, कारण दोहोंपैकी एकही मूल्य शून्य असेल तर ती सोय बंद असते. अनेक प्रोसेस एकाच फाइलमध्ये लिहीत असतील तर हा हँडलर वापरूच नये. मूळ दुखणे मात्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करणाऱ्या लूपमध्ये असते. दोन प्रयत्नांमधील अंतर दर अपयशानंतर दुप्पट करत न्यावे, ते जास्तीत जास्त मिनिटभर ठेवावे आणि पूर्ण स्टॅक ट्रेस पहिल्याच वेळी लिहावा. सुरुवातीच्या उदाहरणातील सेकंदाला ५ मेगाबाइटचा पूर एवढ्याने मिनिटाला एका ओळीवर येतो. प्रोग्रॅमरला हे पटवून देणे प्रशासकाच्या अखत्यारीबाहेरचे वाटू शकते, पण आकड्यांसह मांडलेली विनंती सहसा नाकारली जात नाही.

वेगळे पार्टिशन

/व्हार/लॉग वेगळ्या पार्टिशनवर किंवा एलव्हीएमच्या (डिस्कची लवचिक विभागणी करणाऱ्या सोयीच्या) वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवावे. बाकी सारे उपाय फसले तरी मूळ फाइल सिस्टिम आणि डेटाबेस शाबूत राहतात. फक्त सुरक्षेच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑडिटडीकडे लक्ष द्यावे: सुरक्षेसाठी कडक केलेल्या सर्व्हरवर 'डिस्क_फुल_अ‍ॅक्शन' हा 'हॉल्ट' असू शकतो, आणि मग लॉगचे पार्टिशन भरताच सर्व्हरच बंद होतो. तो नियम संस्थेच्या धोरणानुसार असेल तर ऑडिटच्या लॉगला स्वतःचे पार्टिशन द्यावे.

इशारे कसे लावावेत

टक्केवारीचा इशारा ठेवावाच, पण त्याच्या जोडीला वाढीच्या वेगाचा इशारा हवा. प्रोमिथियस या मॉनिटरिंग साधनात 'प्रेडिक्ट_लिनिअर' हे फंक्शन नोड एक्सपोर्टरच्या (सर्व्हरची मापे देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मोकळ्या जागेच्या मूल्यावर लावून 'गेल्या तासाचा कल पाहता पुढील चार तासांत जागा संपेल काय' असे विचारता येते. झॅबिक्समध्ये 'टाइमलेफ्ट' हेच काम करते. नाजिओसची 'चेक_डिस्क' तपासणी वापरत असाल तर आयनोडच्या मर्यादाही तिला द्याव्यात. तासाभराचा कल पाहणारा इशारा रात्रीच्या बॅकअपमुळे खोटा वाजू शकतो, म्हणून 'मोकळी जागा ३० टक्क्यांपेक्षा कमी' अशी दुसरी अट त्याला जोडावी.

आणखी दोन तपासण्या मी प्रत्येक सर्व्हरवर आवश्यक मानतो. पहिली, लॉगरोटेटची स्टेट फाइल शेवटची केव्हा बदलली. डेबियन वितरणांत ती /व्हार/लिब/लॉगरोटेटखाली 'स्टेटस' या नावाने असते. तासाला चालणाऱ्या व्यवस्थेत ती तीन तास जुनी झाली तर रोटेशन बंद पडले आहे, आणि हे डिस्क भरण्याच्या कितीतरी आधी कळते. दुसरी, /व्हार/लॉगमधील सर्वांत मोठ्या फाइलचा आकार. 'मॅक्ससाइज' २०० मेगाबाइट असताना एखादी फाइल एक गिगाबाइटच्या पुढे गेली असेल तर काहीतरी बेफाम लिहीत आहे किंवा तिचे रोटेशन होत नाही. दोन्हींत लगेच लक्ष घालावे लागते.

प्रत्यक्ष चाचणी

चाचणीच्या सर्व्हरवर 'हेड -सी ३००एम /डेव्ह/यूरँडम' याचे आउटपुट लॉगच्या शेवटी जोडून फाइल मुद्दाम मर्यादेपलीकडे न्यावी आणि टायमरच्या पुढील फेरीची वाट पाहावी. रोटेशन हाताने चालवून पाहू नये, कारण टायमर चालतो की नाही हेच तर तपासायचे आहे. असा यादृच्छिक मजकूर कॉम्प्रेस होत नसल्याने जागेचा सर्वांत वाईट हिशेबही समोर येतो. फेरीनंतर चार गोष्टी पाहाव्यात: जुनी फाइल वेगळी झाली का, सेवा नव्या फाइलमध्ये लिहू लागली का, 'एलएसओएफ +एल१'मध्ये काही नवे दिसते का, आणि मोठ्या फाइलचा इशारा मॉनिटरिंगकडे पोहोचला का. हे सहा वेळा करून सर्वांत जुनी फाइल पुसली जाते याचीही खात्री करून घ्यावी. सर्व्हरची आवृत्ती बदलल्यावर ही चाचणी पुन्हा घ्यावी, कारण पॅकेजसोबत येणाऱ्या नव्या कॉन्फिगरेशन फाइल्स जुन्या निर्देशांवर मात करू शकतात आणि त्यांतला बदल 'लॉगरोटेट -डी'च्या उत्तरात सर्वांत आधी दिसतो.